साईक्स आडनावाचा मूळपुरुष एक की अनेक?

इंग्रजी आडनावांचा अभ्यास करणारे ‘साईक्स’चं प्रकरण हमखास काढतात. कागदपत्रं एक सांगत होती, डीएनए तपासणीचा नवा पुरावा दुसरंच सांगू लागला, आणि दोघांचा मेळ घालताना घाई कुठे झाली तेही इथे स्वच्छ दिसतं.

आडनाव उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं, त्यातही वेस्ट रायडिंग या पश्चिम भागातलं. हडर्सफील्ड शहर आणि त्याच्या पश्चिमेला कोल्न नदीचं खोरं हा त्याचा बालेकिल्ला. महाराष्ट्राला ते अगदीच अनोळखी नाही. विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. शेती, लोकसंख्या, मासे, पक्षी असं सगळं त्याने टिपलं, आणि इथल्या एका चंडोलाला पक्षिशास्त्रात आजही त्याचंच नाव आहे. पुढे सर फ्रेडरिक साईक्स १९२८ ते १९३३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मिठाचा सत्याग्रह त्यांच्याच कारकिर्दीतला. कोल्हापुरात साईक्स एक्स्टेन्शन हा भाग तर आजही याच नावाने ओळखला जातो. विल्यम हेन्रीचा जन्म यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळचा, फ्रेडरिक यांचा लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनचा. आडनाव एक, जन्मस्थळांत तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. मग कूळ एकच का? नेमका हाच प्रश्न सगळ्या साईक्सांबद्दल विचारला गेला.

आडनावाचा अर्थ पटकन उरकता येतो. जुन्या इंग्रजीत ‘सीक’ म्हणजे लहानसा ओहोळ, बहुधा उन्हाळ्यात आटणारा, पुष्कळदा दोन शेतांच्या किंवा दोन गावांच्या शिवेवरून वाहणारा. उत्तरेत त्याचं ‘साईक’ झालं. दक्षिणेत आणि मध्य भागात शेवटचा ‘क’ मऊ होऊन ‘सिच’ झालं, जसं उत्तरेत ‘डाईक’ आणि दक्षिणेत ‘डिच’. त्यामुळे साईक्स हे रूप दिसलं की मूळ उत्तरेकडचं, एवढं खात्रीने म्हणता येतं. शेवटचा ‘स’ मागाहून चिकटला. ब्रुक्स, मिल्स, होम्स यांनाही तो असाच चिकटलेला आहे. मराठीतही ओहोळ आडनाव आहेच, आणि सगळे ओहोळ एकाच ओहोळाकाठचे असं आपण समजत नाही. कोशकारांनी साईक्सबद्दल हाच तर्क केला. यॉर्कशायरच्या डोंगरउतारांवर असे ओहोळ गावोगाव, तेव्हा ‘ओहोळापाशी राहणारा’ हे नाव ठिकठिकाणी वेगवेगळ्या माणसांना पडलं असणार आणि आडनावाचे मूळपुरुष अनेक असणार. तर्क बिनचूक वाटतो. पण अर्थावरून काढलेला निष्कर्ष हा अंदाजच असतो. नाव किती जणांना पडलं असेल हे त्यातून कळतं, त्यांतले किती टिकले हे कळत नाही.

आता काळ पाहू. १०६६ च्या नॉर्मन विजयाआधी इंग्लंडमध्ये बहुतेक लोक एकाच नावाने ओळखले जात. जमीनदार घराण्यांनी आधी वंशपरंपरागत आडनावं धरली, सामान्य माणसांत ती चौदाव्या शतकात रुजली, आणि उत्तरेत आणखी उशिरा, काही ठिकाणी पंधराव्या शतकापर्यंत. त्याआधी जे असे ते केवळ विशेषण: बापाचं एक, मुलाचं दुसरं. म्हणून १३०० च्या सुमाराच्या कागदात ‘देल सीक’ (‘ओहोळाचा’) असा कोणी सापडला की लगेच मूळपुरुष सापडला म्हणून नाचू नये. तो त्या वर्षी ओहोळापाशी राहत होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

वेस्ट रायडिंगच्या बाबतीत एक कागद फार मोलाचा आहे, १३७९ चा डोईपट्टीचा. दर सामान्य माणसाला चार पेन्स, नवरा-बायको मिळून एक आकारणी, सोळा वर्षांवरच्यांना लागू, आणि हुद्देदारांना चढत्या श्रेणीने जास्त. गावागावाच्या याद्या नावांसकट टिकल्या आणि एकोणिसाव्या शतकात छापल्याही गेल्या. त्यात साईक विशेषण लावलेली माणसं कुठल्या वस्तीत आहेत ते पाहावं, मग त्याच वस्तीची त्याआधीची दप्तरं पाहावीत. वेकफिल्ड जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्या १२७४ पासूनच्या उपलब्ध आहेत. कोणी कुणाची गुरं अडवली, कोणी वारसाहक्काची जमीन भरणा करून घेतली, असल्या बारीकसारीक नोंदी त्यांत असतात. जमीन बापाकडून मुलाकडे जाताना दोघांनाही तेच विशेषण असेल, आणि मुलगा दुसऱ्या वस्तीत राहायला गेल्यावरही ते सुटलं नसेल, तेव्हा कुठे त्याला आडनाव म्हणायचं. ‘देल’ गळून पडलं हीही एक खूण, पण ती कच्ची, कारण कारकून लॅटिनमध्ये लिहिताना सवयीने ‘देल’ घालत राहत.

१३४८-४९ ची महामारी विसरून चालणार नाही. इंग्लंडची निम्म्याच्या आसपास वस्ती त्यात गेली असं मानलं जातं. दहा ठिकाणी दहा जणांना साईक म्हणत असले, तरी दोन पिढ्यांनी त्यांपैकी किती घरात पुरुष वारस उरला असेल? ज्या घरात चार मुलगे जगले त्याचं नाव पसरलं, ज्या घरात फक्त मुली राहिल्या त्याचं संपलं. हा निव्वळ योगायोगाचा खेळ असतो, आणि पुढे जे दिसणार आहे त्यात त्याचा मोठा हात आहे.

२००० साली ब्रायन साईक्स या ऑक्सफर्डच्या आनुवंशशास्त्रज्ञाने कॅथरीन अर्व्हेन यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. निमित्त साधं होतं. औषध उद्योगातले सर रिचर्ड साईक्स आणि आपण नात्यातले आहोत का, असं त्याला विचारण्यात आलं. दोघांचे नमुने तपासले तर जुळले. मग प्रश्न साऱ्या आडनावाचा झाला. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, आणि इंग्लंडात आडनावाची वाटही तीच. दोन्ही एकाच रस्त्याने चालत असतील तर एका मूळपुरुषाच्या सगळ्या पुरुष वंशजांत एकच वाय सापडायला हवं. ४८ साईक्स पुरुष घेतले, प्रत्येकाच्या वाय गुणसूत्रावरच्या चार ठिकाणांचे आकडे मोजले, म्हणजे त्या ठिकाणी डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ आला आहे ते. जवळजवळ निम्म्यांचा आकड्यांचा संच तंतोतंत एक निघाला. त्याच भागातल्या आणि एकूण ब्रिटनमधल्या, साईक्स नसलेल्या तुलनेच्या नमुन्यांत तो संच एकदाही दिसला नाही. उरलेल्या साईक्सांचे संच मात्र तुलनेच्या लोकांसारखेच, म्हणजे सरमिसळ होते. निष्कर्ष निघाला की आजच्या साईक्सांचा मूळपुरुष एकच, आणि उरलेले हे सातशे वर्षांत अधूनमधून तुटलेल्या पितृवंशाचे, दर पिढीला सरासरी १.३ टक्के तुटीने.

वर्तमानपत्रांना हा आकडा फार आवडला. आपल्याला तो कागदावर मांडून पाहायला हवा.

सातशे वर्षं म्हणजे तीस वर्षांची पिढी धरली तर साधारण २३ पिढ्या. दर पिढीला १.३ टक्के तूट म्हणजे ९८.७ टक्के टिकतात. ०.९८७ चा २३ वा घात ०.७४ येतो, म्हणजे १०० पैकी ७४ सरळ वंशज उरतात. त्यातही वायचे आकडे अगदी जसेच्या तसे राहत नाहीत. प्रत्येक ठिकाणी दर पिढीला साधारण ०.२ टक्के बदलाची शक्यता धरतात. चार ठिकाणं, २३ पिढ्या, की सरळ वंशजांतही सहांपैकी एकाचा संच किंचित बदललेला असणार. ७४ मधून तेवढे वगळले तर ६१-६२ उरतात. दिसले मात्र निम्म्याहून कमी. साध्या चक्रवाढीने निम्म्यावर यायचं तर तूट पिढीला तीन टक्क्यांच्या घरात लागते (०.९७ चा २३ वा घात जेमतेम ०.५०). हिशेबात ही फट राहते, आणि ती सगळी तुटलेल्या पितृवंशांनी भरायची की दुसऱ्या-तिसऱ्या मूळपुरुषांनी, हे चार ठिकाणांच्या मोजणीतून ठरत नाही. आमच्या मते निबंधातला भक्कम भाग पहिला आहे: एक फार मोठी, एकाच पुरुषापासूनची साईक्स शाखा आहे. ‘बाकी कोणी मूळपुरुष नव्हतेच’ हा भाग तितका भक्कम नाही.

नंतरच्या कामानेही याच बाजूला कौल दिला. लेस्टर विद्यापीठातले आनुवंशशास्त्रज्ञ टूरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. आडनाव जितकं दुर्मीळ तितका वंशाचा सारखेपणा जास्त आढळला. स्मिथसारख्या, गावोगावच्या लोहारांना पडलेल्या नावात तो जवळपास नाहीच. साईक्स मधल्या पायरीवर बसतं: ओहोळ अनेक, पण त्यातला एक वंश इतका फळला की बाकीचे झाकले गेले. योगायोगाने वंश संपत जाणं आणि एखादा फोफावणं, या दोन गोष्टी मिळून अनेक मूळपुरुषांचं आडनाव सातशे वर्षांनी जवळजवळ एकाच मूळपुरुषाचं दिसू शकतं.

‘तुटलेला पितृवंश’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात लगेच व्यभिचार येतो. तो एक प्रकार झाला, पण कागदांत जास्त सापडतो तो वेगळा. साईक्स आडनावाच्या कुमारिकेला मुलगा झाला, त्याला आईचंच आडनाव लागलं, आणि तो रीतसर साईक्स म्हणून वाढला. वाय मात्र अज्ञात बापाचं. अशा मुलाच्या खर्चाचा भार गावावर पडू नये म्हणून पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गावकारभाराचे, लोक बापाकडून जामीनखत लिहून घेत, आणि ती खतं पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहेत. डीएनए जुळत नसेल तर आधी ती पाहावीत. विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव पहिल्याच्या मुलांना लागणं हेही नेहमीचंच. कायदेशीर दत्तकविधान इंग्लंडात १९२७ साली सुरू झालं, त्याआधी मूल नुसतं वाढवलं जाई आणि नाव आपोआप बदले. शिवाय इंग्लंडात आडनाव बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. एकंदरीत ‘साईक्स आहे पण वाय वेगळं’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सातशे वर्षांत हे कुठल्याही घरात घडतं.

आता एखाद्या साईक्सचा कागदी माग कसा काढायचा आणि तो कुठे फसतो ते पाहू. आजच्याकडून मागे जायचं, कधीही उलट नाही. मध्ययुगातल्या देल सीकपासून खाली येणारी जी झाडं लोक मांडतात त्यांतली बरीचशी मधल्या दोनशे वर्षांत हवेत लटकलेली असतात.

१ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली. सूची तिमाहीची असते, आणि नोंद जन्मतारखेच्या नव्हे तर नोंदणीच्या तिमाहीत लागते. नोव्हेंबर-डिसेंबरचं मूल पुढच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. हडर्सफील्ड जिल्ह्यात एकाच तिमाहीत दोन-तीन जॉन साईक्स सापडले तर नवल नाही. अशा वेळी आईचं माहेरचं आडनाव लागतं: जुन्या सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून आहे, पण नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन सूचीत थेट १८३७ पासून दिलेलं असतं. नोंद सापडतच नसेल तर लक्षात ठेवावं की १८७५ पर्यंत नोंद न करणाऱ्या आईबापांवर दंडाची तशी टांगती तलवार नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत बरीच मुलं सूचीबाहेर राहिली. विवाह दाखल्यावर वधू-वरांच्या बापांची नावं आणि धंदे असतात. कापड विणणाऱ्या या खोऱ्यात धंदा जवळपास सगळ्यांचाच विणकाम, तेव्हा त्यावर फार भरवसा ठेवू नये.

जनगणनेत १८५१ चं वर्ष कळीचं. १८४१ मध्ये पंधराच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलं, नातं लिहिलं नाही, आणि जन्मस्थळाबद्दल ‘याच कौंटीत का’ एवढंच विचारलं. १८५१ मध्ये नातं आणि जन्माची पॅरिश दोन्ही मिळतात. १७७०-८० च्या दशकात जन्मलेला म्हातारा १८५१ पर्यंत जगला असेल तर त्याची एक ओळ एक अख्खं शतक उलगडते.

त्यामागे पॅरिशच्या नोंदवह्या. आज्ञा १५३८ ची, पण बऱ्याच ठिकाणी टिकलेली वही नंतरची असते, आणि १६४० च्या दशकातल्या यादवीपासून १६६० पर्यंत नोंदींना भगदाडं पडलेली असतात. वही फाटली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल पाहावी. ती पद्धत १५९८ पासूनची. १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदले. म्हणजे वहीत फेब्रुवारी १६९९ असेल तर ते आपलं १७०० झालं. हे ध्यानात न घेतल्याने बाप मेल्यानंतर वर्षाने मूल जन्मल्याची ‘भानगड’ कितीतरी झाडांत उगाच उभी राहते. यॉर्क धर्मप्रांतात १७७७ च्या आसपासपासून १८१२ पर्यंत काही पाद्र्यांनी बाप्तिस्म्याच्या नोंदीत आजी-आजोबांपर्यंतची नावं लिहिली, आणि अशी वही हाती लागली तर नशीबच. गजबजलेल्या पॅरिशांत मात्र पाद्र्यांनी एवढं लिहायचा कंटाळा केला, आणि साईक्स नेमके गजबजलेल्या पॅरिशांत राहत.

कोल्न खोऱ्यात सगळ्यात मोठी अडचण हद्दींची आहे. पॅरिश अवाढव्य, त्यात छोटी उपचर्चं, त्यांच्या वह्या वेगळ्या. स्लेथवेट गाव हडर्सफील्ड पॅरिशचं उपचर्च. गावचे लोक त्याला ‘स्लॉविट’ म्हणतात, आणि कारकून कानाने ऐकून लिहायचा, तेव्हा गावाचं नावही तऱ्हेतऱ्हेने लिहिलेलं सापडतं. मार्सडेन तर दोन पॅरिशांत वाटलेलं. डोंगर ओलांडला की सॅडलवर्थ. ते यॉर्कशायरमध्ये मोडे, पण चर्चच्या हिशेबाने लँकेशायरमधल्या रॉचडेल पॅरिशचं आणि त्यामुळे चेस्टर धर्मप्रांतातलं. १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयात सिद्ध होत, त्यामुळे हडर्सफील्डच्या साईक्सचं मृत्युपत्र यॉर्कला शोधायचं आणि डोंगरापलीकडच्या सॅडलवर्थच्या भावाचं चेस्टरच्या दप्तरात. यॉर्कमध्ये सापडलं नाही म्हणून ‘मृत्युपत्र केलंच नव्हतं’ असं लिहून मोकळे होणारे इथेच अडकतात. खोऱ्यात बॅप्टिस्ट पंथाचाही जोर होता. त्यांच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नसतो, तेव्हा सॅलेंडाइन नूकसारख्या चॅपलांची जन्माची वही बघावी लागते.

दुसरी अडचण सारख्या नावांची. जॉन, विल्यम, जोसेफ, जेम्स एवढ्यात सगळे साईक्स आटोपत. पेनाइन डोंगरांतले लोक यावर घरगुती तोड काढायचे: आडनाव बाजूला ठेवून ‘जॅकच्या बिलचा टॉम’ अशी बापाआज्याची साखळी लावून माणूस ओळखायचा. ही साखळी मृत्युपत्रात, थडग्याच्या दगडावर किंवा पॅरिशच्या हिशेबात कधी तरी उमटते. तसं एक वाक्य सापडलं तर तीन पिढ्या एकदम मिळतात. नाही सापडलं तर एका गावातल्या सगळ्या जॉन साईक्सांची कुटुंबं स्वतंत्र मांडावीत, प्रत्येकाचा मृत्यू शोधावा, आणि जो लहानपणीच वारला त्याला यादीतून काढावा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. हव्या त्या साली जन्मलेला जॉन सापडला म्हणून झाडाला लावला, आणि तो दीड वर्षाचा असतानाच पुरला गेला होता, हा या खोऱ्यातला नेहमीचा घोटाळा.

शोधयंत्राच्याही खोडी असतात. साईक्स इंग्रजीत वाय अक्षराने लिहिलेलं असो की आय अक्षराने, ध्वनीवर आधारलेल्या साउंडेक्स पद्धतीत दोन्ही एस-२२० मध्ये पडतात. पण शेवटचा ‘स’ नसलेलं ‘साईक’ एस-२०० मध्ये जातं आणि शोधात येतच नाही. जुन्या हस्ताक्षरातला वळणदार मोठा एस एल किंवा डी वाटतो, म्हणून लाईक्स आणि डाईक्स अशीही नोंद तपासावी. डाईक्स हे स्वतंत्र आडनावही आहे, तेव्हा तिथे मूळ पानाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाय आणि आय या अक्षरांच्या फरकावरून मात्र दोन घराणी वेगळी मानू नयेत. एकाच बापाच्या दोन मुलांची नावं एकाच वहीत दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात.

एका घराण्याचा उल्लेख टाळता येत नाही: पूर्व यॉर्कशायरमधल्या स्लेडमिअरचे जमीनदार साईक्स, १७८३ पासून बॅरोनेट (हा वंशपरंपरागत किताब). मध्यपूर्वेच्या वाटणीबद्दल ब्रिटन-फ्रान्समध्ये झालेल्या १९१६ च्या साईक्स-पिको करारातले मार्क साईक्स याच घरातले. घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचा पूर्वज सोळाव्या शतकात उत्तरेकडून, कार्लाइलच्या बाजूने, लीड्सला आला आणि कापडाच्या व्यापारात घर वर आलं. परंपरा खरी असेल तर हा हडर्सफील्डच्या बाहेरचा, स्वतंत्र मूळपुरुष. ती खोटी असेल, तर लीड्स हडर्सफील्डपासून फार दूर नाही. फक्त कागदांवर हा वाद मिटत नाही, आणि ‘मूळपुरुष एकच’ हे गृहीत धरलं तर तो उभाच राहत नाही. म्हणून ते गृहीत धरू नये.

अशा ठिकाणी वाय तपासणी कामाची असते, पण नमुने विचार करून निवडावे लागतात. जो तयार होईल त्याच्या गालाचा फाया घेतला तर मोठ्या शाखेचे लोकच पुन्हा पुन्हा येतात, आणि आधी ठाऊक होतं तेच कळतं. निदान १७०० च्या मागपर्यंत कागदी साखळी भक्कम असलेले दोन पुरुष घ्यावेत, तेही एकाच पूर्वजाच्या दोन वेगवेगळ्या मुलांकडून उतरलेले. दोघांचं वाय जुळलं तर त्या पूर्वजाचं वाय कळलं, आणि मधल्या सगळ्या पिढ्या एका दमात तपासून निघाल्या. नाही जुळलं तर तिसरा नमुना मधल्या फांदीवरून घ्यावा, म्हणजे तूट कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. चार किंवा बारा ठिकाणांची मोजणी आज पुरत नाही. पश्चिम युरोपात इतके संच सारखे आहेत की बारा ठिकाणं निव्वळ योगायोगानेही जुळतात. निदान ३७, शक्य असेल तर १११ ठिकाणं, आणि खरा निकाल हवा तर अख्ख्या वायचं वाचन करून एकदाच घडलेले बदल शोधावेत. एकदा असा बदल हाती आला की क्रॉयडनच्या साईक्सची फांदी कोल्न खोऱ्यातल्या मोठ्या शाखेवरची आहे की दुसऱ्याच ओहोळाची, हे हयात असलेल्या एकेका पुरुष वंशजाच्या नमुन्यावरून ठरवता येतं.